भोकं मोजायची नोकरी आणि आमचे शिक्के

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात ॲडमिशनची पानं सुरू होतात, ती मी दरवर्षी वाचतो, म्हणजे खरं सांगायचं तर आधी जाहिराती वाचतो नि मग मजकूर. यंदा एका कोपऱ्यात चौकट होती, परदेशात आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग, 'इंडस्ट्री एक्सपिरियन्ससह'. बस्स, एवढंच. तो एक्सपिरियन्स म्हणजे काय, कोण देतो, कुठल्या वर्षी देतो, त्याचे पैसे मिळतात की उलटे आपणच भरायचे, काही नाही. त्या चौकटीपायी मला आठवड्यात तीन फोन आले कारण माझी भाची हेच शिकून आलीय हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एक फोन तर खानापूरहून होता, "पोरगी आर्किटेक्ट होऊनच येईल ना हो?" म्हणून. म्हटलं एकदाच लिहून टाकावं, आणि लिहायला बसलो तर माझं स्वतःचं एक जुनं पाप पण त्यात आलं, ते पुढं सांगतो.

आधी खानापूरच्या त्या गृहस्थांना उत्तर. नाही, आर्किटेक्ट होऊन येणार नाही. आपल्या देशात १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही आणि त्या नोंदणीला आर्किटेक्चरचीच डिग्री लागते, म्हणजे बी. आर्क. वगैरे. आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग ही इंजिनिअरचीच डिग्री आहे, नावात आर्किटेक्चर आलं म्हणून फसू नका. घर दिसायला कसं असावं हे आर्किटेक्ट ठरवतो, आणि ते घर उभं कसं राहील, त्यात हवा कशी खेळेल, पाणी कुठून चढेल नि कुठून उतरेल, उजेड किती, आवाज किती, आग लागली तर धूर कुठून जाईल, विजेचं बिल किती येईल, हे सगळं एका डोक्यात धरून बसणारा माणूस म्हणजे हा इंजिनिअर. आपल्याकडं या नावाची शाखा सहसा दिसत नाही, सिव्हिल करायचं नाहीतर बी. आर्क., आणि पायपा-वायरिंगचं काम प्लंबर आणि वायरमन यांच्या मर्जीवर सोडायचं.

मर्जीवर म्हणतोय ते उगाच नाही. आपल्याकडची मंगल कार्यालयं बघा. आत माईकवर मंगलाष्टकं चालू असतात आणि पाचव्या रांगेत बसलेल्याला फक्त 'सावधान' तेवढं कळतं, बाकी सगळा घुमारा. विजापूरला गोलघुमटात आवाज फिरतो ते बघायला लोक तिकीट काढून जातात, तो घुमट सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे नि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे, आपण मात्र टाईल, काच आणि सपाट स्लॅब घालून प्रत्येक तालुक्यात एकेक गोलघुमट फुकटात बांधून ठेवलाय. तसंच स्लॅबवरच्या पत्र्यांचं. बेळगावात कुठल्याही उंच बिल्डिंगवर चढून बघा, आरसीसीचा स्लॅब आणि त्याच्यावर परत पत्र्याचं शेड. दोनदा छप्पर! पावसात गळतं म्हणून पत्रा, आणि एप्रिलात पत्रा तापतो म्हणून खाली एसी. आमच्या जुन्या घराला कौलं होती, मधे चौक होता, जांभ्याच्या जाड भिंती होत्या, उन्हाळ्यात दुपारी पंख्याची आठवण यायची नाही. ते बांधणाऱ्या मेस्त्रीला डिग्री नव्हती पण हवा कुठून येते नि कुठं जाते हे त्याला माहीत होतं.

असो, विषयावर येतो.

माझी भाची, म्हणजे आमच्या ताईची पोरगी, बारावीपर्यंत इथंच शिकली, दहावीपर्यंत तर मराठी माध्यम. पुढं इंग्लंडला गेली. हौस म्हणून सांगत नाही, लोन काढून गेली, घराची कागदं बँकेत आहेत, बाहेरच्या मुलांना तिकडं वर्षाची नुसती फीच वीस-पंचवीस लाखांवर जाते, काही ठिकाणी त्याहून जास्त. मी विरोधच केला होता. म्हटलं एवढ्या पैशात इथं चार फ्लॅटचं काम उभं राहील. पण तिनं जो कोर्स घेतला होता त्यात मधलं एक वर्ष पूर्ण कंपनीत काढायचं होतं, तिकडं त्याला सँडविच कोर्स म्हणतात, दोन वर्षं कॉलेज, मग एक वर्ष नोकरी, मग परत कॉलेज. ब्रेडच्या मधे भाजी. अमेरिकेत हाच प्रकार को-ऑप म्हणून चालतो, तो तर १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकानं सुरू केला, २७ पोरं घेऊन. म्हणजे कॉलेज आणि कारखाना यांचं जमवायचं कसं हा विचार काही आजचा नाही.

आता त्या वर्षाचं नीट सांगतो कारण फोनवाल्यांना तेच पाहिजे होतं. विद्यापीठ कंपनी शोधून देत नाही. मदत करतं, बायोडेटा सुधारून देतं, पण अर्ज आपणच करायचे, इंटरव्ह्यू आपणच द्यायचे, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच लागायला लागतं. भाचीच्या पहिल्या वीसेक अर्जांना तर उत्तरच नव्हतं, ताई रडकुंडीला आलेली, कारण जागा मिळाली नाही तर ते वर्ष गाळून सरळ पुढच्या वर्षाला बसावं लागतं, म्हणजे ज्यासाठी एवढी लांब गेली तेच हुकलं. मिळाली तर पगार मिळतो, रीतसर, टॅक्स कापून. त्या वर्षाची फी कमी असते, तिकडच्या पोरांना पूर्ण फीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, बाहेरच्यांचं मात्र प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, ते आधी विचारून घ्या. आणि व्हिसाचं म्हणाल तर एरवी कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, पण प्लेसमेंट, म्हणजे हे कंपनीतलं काम, कोर्सचाच भाग असली तर पूर्ण वेळ चालते, एकूण कोर्सच्या निम्म्या काळापर्यंत. म्हणून ॲडमिशन घेतानाच 'विथ प्लेसमेंट' लिहिलेला कोर्स घ्यावा, नंतर बदलायला गेलं की व्हिसाची भानगड होते. अजून एक, त्या डिग्रीला तिकडच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या किंवा बिल्डिंग सर्व्हिसेसवाल्यांच्या (इमारतीतलं हवा-पाणी-वीज बघणाऱ्यांच्या) संस्थेची मान्यता आहे का बघा, एजंट हे सांगत नाही, एजंट तुम्हाला कॅम्पसचे फोटो दाखवतो.

कंपनीत लागल्यावर पहिल्यांदा तिला साईटवर पाय ठेवू दिला नाही. सेफ्टीची परीक्षा, ती पास झाल्यावर एक कार्ड, मग हेल्मेट, जाकीट, लोखंडी टोकाचे बूट, मग गेट उघडलं. मी हे ऐकून हसलो होतो, आमच्याकडं इंटर्न चप्पल घालून येतात.

आणि मग एक दिवस फोनवर मी विचारलं, काय काम देतात गं तुला, तर म्हणाली, "मामा, तीन महिने झाले मी भोकं मोजतेय."

मला वाटलं चेष्टा करतेय. नाही. खरंच भोकं. एक शाळेची इमारत होती, तिच्या प्रत्येक स्लॅबमधून, भिंतीतून, बीममधून कुठली पाईप, कुठला डक्ट (एसीच्या हवेचा मोठा नळ), कुठली केबल जाणार त्याचं भोक किती मोठं, कुठं, बीमच्या टोकापासून किती लांब, हे सगळं आधी ड्रॉइंगवर मांडायचं, कॉम्प्युटरवर पूर्ण बिल्डिंगचं मॉडेल असतं त्यात पाईप बीमला आपटते का बघायचं, आपटली तर स्ट्रक्चरवाल्याकडं जायचं, तो म्हणणार बीम हलणार नाही, मग एसीवाल्याकडं जायचं, तो म्हणणार डक्ट लहान होणार नाही, मग दोघांच्या मधे आर्किटेक्ट येणार की सिलिंग खाली येणार नाही, आणि ही वीस वर्षांची पोरगी तिघांच्या मधे वही घेऊन उभी. एकदा तिच्याकडून एक डक्ट सुटला. कुणी ओरडलं नाही म्हणे, पण पुढच्या मीटिंगमधे तो कसा सुटला हे तिलाच सगळ्यांपुढं सांगायला लावलं. "त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं" असं म्हणाली. दर महिन्याला डायरी लिहायची, वरचा इंजिनिअर ती वाचून सही करणार, नुसती सही नाही, शेरे मारून, आणि कॉलेजातले सर वर्षात दोनदा येऊन विचारून गेले.

आता माझं पाप.

मी डिप्लोमा सिव्हिल, पंचवीस-सव्वीस वर्षं कॉन्ट्रॅक्टरकी करतोय. उद्यमबागेकडं आणि इकडं अनगोळ-टिळकवाडीला माझी कामं चालतात. दरवर्षी सुट्टी लागली की पोरं गाडीवरून येतात, हातात फॉर्म, "सर, चार आठवड्यांची इंटर्नशिप, फक्त सही." कुणाच्या तरी ओळखीनं येतात, कुणाचा काका, कुणाचा भाडेकरू, नाही म्हणता येत नाही. आणि खरं सांगू, नाही म्हणावंसं पण वाटत नव्हतं, साईटवर पोरगं आलं तर त्याला सांभाळायचं कुणी, पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची, त्यापेक्षा शिक्का मारून चहा पाजून पाठवलेलं बरं. किती सह्या केल्या त्याचा हिशोब नाही माझ्याकडं. 'सेंट्रिंग, बार बेंडिंग व काँक्रीटिंगचे प्रत्यक्ष ज्ञान घेतले' असा मजकूर पण मीच टाईप करून ठेवला होता, वर नुसतं नाव बदलायचं.

त्यातलाच एक पोरगा दोन-तीन वर्षांनी माझ्याकडंच नोकरीला आला. मार्क चांगले, घरचा गरीब, स्वभावाला नेक, मी ठेवून घेतला. एका दुमजली घराचं काम होतं, गिलावा चाललेला, आणि मला सकाळी फोन, "सर, तुम्ही जरा येता काय." गेलो. प्लंबरनं वरच्या संडासची चार इंची पाईप काढायला ब्रेकर लावून बीम फोडलेला. तो पण कुठं, कॉलमच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरावर. दोन रिंगा, म्हणजे सळयांभोवतीच्या लोखंडी कड्या, कापलेल्या, खालची एक सळई बाजूला वाकवून ठेवलेली, आणि त्या भोकातनं पाईप आरपार, वरून सिमेंट लावून एकदम व्यवस्थित. प्लंबर खूष होता, "ढाळ बघा साहेब कसा आलाय" म्हणाला.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीमवरचा भार शेवटी कॉलममधे उतरतो, त्यामुळं कॉलमजवळ बीमला कात्रीसारखा ताण सगळ्यात जास्त असतो आणि तो धरायला तिथंच रिंगा जवळजवळ बांधतात. नेमकं तिथं भोक पाडणं म्हणजे पिशवीचा बंद शिवणीजवळ कापण्यासारखं आहे. भोक पाडायचंच तर बीमच्या मधल्या भागात, उंचीच्या मध्यावर, लहान, आणि ते पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, काँक्रीट घालायच्या आधी स्लीव्ह, म्हणजे भोकाच्या जागी पाईपचा तुकडा, ठेवून. म्हणजे जे भाची तीन महिने करत होती, तेच.

मी पोराला विचारलं, अरे तू समोर उभा होतास ना? म्हणाला होतो. मग थांबवलं का नाहीस? तर खाली बघून म्हणाला, "सर, प्लंबर सीनियर आहे, मला वाटलं असंच करतात."

काय बोलणार. चार आठवडे तो माझ्याच साईटवर असता तर बीम बांधताना बघितला असता, रिंगा कुठं दाट नि कुठं विरळ हे आमच्या बार बेंडरनंच त्याला शिव्या देत शिकवलं असतं. त्याच्या फाईलीत मात्र मीच लिहून दिलेलं की याला प्रत्यक्ष ज्ञान आहे. खाली जॅक लावून, पाईप काढून, बीम परत जॅकेटिंग करून, म्हणजे भोवतीनं नव्या सळया नि काँक्रीट घालून द्यावा लागला, सगळा खर्च माझा. घरमालक भला माणूस, पण वर्षभर मी त्या गल्लीतनं गाडी घातली नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा तो भोकांचा फोन. मी तिला ही गोष्ट सांगितली नाही. आता पेपरात वाचेल.

तर मुद्दा असा आहे संपादक साहेब की इंग्लंडची तारीफ करायला हे पत्र नाही. सगळ्यांना तिकडं जाणं परवडणार नाही, जाऊ पण नये, लोन फेडता फेडता मेटाकुटीला आलेली घरं पण मला माहीत आहेत. पण कोर्सच्या मधे काम करायचं ही गोष्ट आपल्याकडं कागदावर आलेलीच आहे हो! व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं, मुख्य ऑफिसच आपल्या बेळगावात, १९९८ पासून. त्यांच्या नव्या स्कीममधे शेवटच्या वर्षी १४ ते २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे, तिला क्रेडिट आहेत. बी. आर्क.च्या पोरांना तर एक सेमिस्टर ऑफिसात काढावंच लागतं. डिग्री-डिप्लोमा झाल्यावर अप्रेंटिसशिप आहे, त्यात स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार देतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतली मराठी पोरं महाराष्ट्रातल्या कॉलेजात पण जाऊ शकतात, त्यासाठी ॲडमिशनला वेगळी वाट ठेवलेली आहे, तिकडं गेली तरी सुट्टीत येतात इथंच. वाटा आहेत सगळ्या. चार आठवड्यांच्या जागी वीस आठवडे झाले तरी माझ्यासारखा माणूस शिक्का घेऊन बसलेला असेल तर पोरगं वीस आठवडे घरी झोपेल, एवढाच फरक.

कॉलेजवाल्यांना पण बोलायला पाहिजे. एवढ्या वर्षांत एकाही कॉलेजातनं मला फोन आला नाही की अहो, आमचा पोरगा तुमच्याकडं येतो का खरंच. एकदा सुद्धा नाही. भाचीचे सर दोनशे किलोमीटर ट्रेननं येऊन तासभर बसून गेले, आणि इथं अर्ध्या तासाच्या रिक्षानं कुणी येत नाही. मान्य आहे, एकेका सरांकडं साठ-साठ पोरं, वरून पेपर तपासणी, वरून ॲडमिशनची कामं. तरी फोन करायला काय लागतं.

आणि आपल्या भागात शिकायला कमी आहे असं तर अजिबात नाही, उलट मला वाटतं आपल्या जिल्ह्यात जेवढं आहे तेवढं एका जिल्ह्यात क्वचित सापडेल. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडं मुसळधार पाऊस आणि जांभा, पूर्वेला अथणी-रायबागकडं काळी जमीन, ती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर लाल मातीवरचा पाया घातला की दोन वर्षांत भिंतीला तडे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कितीतरी मातीची घरं बसली, का बसली आणि शेजारचं का उभं राहिलं हे बघायला एखादा पोरगा वही घेऊन फिरला असता तर तेवढ्यावर प्रोजेक्ट झाला असता. खानापूरला कुंभारकामाची केंद्र सरकारची संस्था आहे, बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे तेराव्या शतकातलं, वर कमळ कोरलेलं, आत उन्हाळ्यात गार. आणि साईटवर तीन भाषा, ड्रॉइंग इंग्लिशमधे, कॉर्पोरेशनचा कागद कानडीत, मेस्त्री मराठी, बार बेंडर विजापूरकडचा कानडी. आपली पोरं इथं जन्मतःच दोन भाषांत भांडतात, तिसरी शिकतात. हा गुण आहे, पुण्याला गेल्यावर कळतं त्यांना.

माझ्यापुरतं मी ठरवलंय ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मागं फिरता येणार नाही. टाईप करून ठेवलेला तो सर्टिफिकेटचा मजकूर मी डिलीट केलाय. यंदापासून दोन पोरं किंवा पोरी घेणार, जास्त नाही, दोनच मला सांभाळता येतील. महिन्याला सहा हजार देईन, फार नाही, पेट्रोल आणि डब्याला पुरेल. सकाळी साडेआठला साईटवर. रोज रात्री एक पान डायरी, मराठीत लिहिली तरी चालेल, इंग्लिशमधे कॉलेजसाठी नंतर उतरवा. दर शनिवारी ती मी वाचणार, आणि मला वाचता नाही आली तर भाची आता इथंच आहे, तिला मी अडकवलंय, ती वाचणार, ती माझ्यापेक्षा कडक आहे. पहिलं काम भोकांचं. कुठली पाईप कुठनं जाणार ते स्लॅबच्या आधी काढून दाखवायचं, प्लंबरला सोबत बसवून. पूर्ण आठवडे भरले तरच सही, तीन दिवस कमी असतील तर तीन दिवस कमी असं लिहून सही. कुणाचा काका आला तरी तेच.

बाकी कॉन्ट्रॅक्टर मंडळींना मी काही सांगत नाही, सगळे मित्रच आहेत, वाचून मला फोन करतील नि शिव्या घालतील. आर्किटेक्ट लोकांनी मात्र एक करावं, ऑफिसात पोरांना नुसतं ट्रेसिंग आणि झेरॉक्सला पाठवू नये, आठवड्यातनं एक दिवस साईटवर हाकलावं.

नाव छापू नका, कारण माझ्या सह्यांची सर्टिफिकेटं अजून कुठल्या कुठल्या फाईलीत असतील, त्या पोरांना उगाच त्रास नको. नंबर मात्र तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतोय, कुणी विचारलं तर द्या. आणि मागं ज्यांना मी नुसता चहा पाजून पाठवलं त्यातल्या कुणाला हे वाचून यावंसं वाटलं तरी यावं, वयाची अट नाही, फक्त बूट घालून यावं.

आपला,
एक सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर,
अनगोळ, बेळगाव